पगार वाढवता येत नव्हता तेव्हा आम्ही शॉपवर काय काय केलं

मी कोल्हापुरात एका मशीन शॉपचं प्रॉडक्शन बघतो. शेजारच्या फाउंड्र्यांतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतात, आम्ही ते सीएनसी आणि व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर मशीनिंग करून ट्रॅक्टरवाल्या आणि गिअरबॉक्सवाल्या कंपन्यांना देतो. साठेक माणूस, तीन शिफ्ट, पत्र्याचं शेड, म्हणजे इथल्या एमआयडीसीत प्रत्येक गल्लीत असतं तसलंच एक युनिट. कोविड संपून ऑर्डरी परत वाढल्या तेव्हा आमच्याकडून माणसं जायला लागली. कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्या महिन्याला दीड-दोन हजार जास्त द्यायच्या, शिवाय न्यायला-आणायला बस, शिवाय कँटीनचं जेवण. आमचा चांगला सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा, एक दिवस गेला, मग त्याच्या ओळखीनं त्याच्या मशीनवरचा ऑपरेटर गेला, मग त्या ऑपरेटरचा गाववाला गेला, असं सुरू झालं.

मालकांना म्हटलं पगार वाढवू. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून सरळ हिशोबच दाखवला. कस्टमर दरवर्षी रेट कमी करून मागतो, वाढवून नाही, वर कास्टिंगमध्ये डिफेक्ट निघाला तरी मशीनिंगचे पैसे बुडतात ते आमचेच, इन्सर्टचा, म्हणजे कापायच्या पात्यांचा खर्च वेगळा, लाईट बिल वेगळं. त्यात मी काही खोट काढू शकलो नाही. बोनस ८.३३ टक्के देत होतोच, पण तो कायद्यानंच द्यावा लागतो, त्याला कुणी प्रोत्साहन वगैरे समजत नाही, तो दिवाळीचा हक्क असतो आणि तो घेतल्यावर मिठाईचा बॉक्स अर्ध्या किलोचा आहे की पाव किलोचा यावर चर्चा होते. तर मालक म्हणाले, पगार सोडून काय करता येतंय ते बघ.

आता "पगार सोडून" म्हटलं की काय होतं ते सांगतो. पहिल्यांदा एक एचआर कन्सल्टंट आला. टाय वगैरे लावून. त्यानं 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' सुरू केलं, गेटजवळ काचेची फ्रेम लावली, त्यात दर महिन्याला एकाचा फोटो. पहिल्या महिन्यात ज्याचा फोटो लागला त्याला दुसऱ्या दिवसापासून सगळे "काय ओ मंत्री" म्हणायला लागले, दुसऱ्या महिन्यात ज्याचा लागला तो सुपरवायझरचा मेव्हणा निघाला, आणि त्यानंतर त्या फ्रेमकडं कुणी बघेना. एकोणसाठ माणसांना दर महिन्याला "तू नव्हेस" असं सांगणारी ती फ्रेम होती, बाकी काही नाही.

मग वाढदिवसाचे केक. एचआरच्या पोरीनं आधार कार्डावरनं जन्मतारखांची यादी काढली तर निम्म्या जुन्या माणसांचा वाढदिवस १ जून! मराठी शाळेतल्या गुरुजींनी नाव घालताना लिहिलेली तारीख, ती कुठं खरी असायला. तर १ जूनला एकच मोठा केक आणला, सगळे मामालोक ओळीनं उभे, एकमेकाला भरवताहेत, हाताला कूलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवायच्या पाण्याचा वास, आणि मागं मशीनवर एक जॉब पुरा होऊन दिवा लागलेला. मजा आली हे खरं. पण त्यानं कुणी थांबलं का? त्याच महिन्यात अजून दोघं गेले.

तिसरा प्रकार म्हणजे व्याख्यान. एक वक्ते आले, तुमच्यातला वाघ जागा करा म्हणाले. समोर थर्ड शिफ्ट करून आलेली माणसं बसलेली, त्यांच्यातला वाघ केव्हाच झोपला होता, पहिल्या रांगेतला तर घोरत होता. त्या व्याख्यानाचे जे पैसे दिले त्यात शॉपला दोन मोठे पंखे आले असते, आणि हे मला एका हेल्परनं ऐकवलं, माझ्या डोक्यातनं आलेलं नाही.

त्यानंतर कन्सल्टंट बंद झाला आणि मालकांनी काम माझ्या गळ्यात टाकलं. मी तरी काय करणार, मी डिप्लोमा मेकॅनिकल, मला फिक्श्चर, म्हणजे मशीनवर भाग धरून ठेवायची चौकट कळते, माणसं किती कळतात देव जाणे. मी एवढंच केलं की जी माणसं सोडून गेली होती त्यांना एकेकाला गाठलं. ऑफिसात बोलावून नाही, ते आले पण नसते. संध्याकाळी हायवेच्या कडेच्या टपरीवर, चहा घेत. आता सोडून गेलेल्या माणसाला भीती नसते त्यामुळं तो खरं बोलतो. आणि गंमत म्हणजे पगाराचा विषय पहिल्या दोन मिनिटांत संपायचा, "ते तर हायच की साहेब, दोन हजार कुणाला नकोत", आणि मग खरं सुरू व्हायचं.

एक जण म्हणाला, "रजा मागायची म्हटलं की ऑफिसच्या दारात पोरगं शाळेत उशिरा आल्यागत उभं ऱ्हायाला लागतंय." दुसरा म्हणाला, पगार कधी सातला, कधी बाराला, कधी पंधराला, सोसायटीचा हप्ता आणि भिशी मी कुणाच्या भरवशावर लावू? तिसरा म्हणाला, डबा खायला जागा नाही, मशीनशेजारी खोक्यावर बसून खातो, भाकरीवर कूलंटचे थेंब. एक जुना ऑपरेटर, वयानं मोठे म्हणून सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, शेवटी म्हणाले की जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, रिजेक्ट झाला त्याचं काही नाही, चूक माझी होती, पण त्या पोरानं, म्हणजे आमच्या शिफ्ट सुपरवायझरनं, चार हेल्परांसमोर अरेतुरे केलं, माझा मुलगा त्याच्या वयाचा आहे. बास. वीस वर्षं काम केलेला माणूस त्या एका वाक्यावर गेला होता.

हे सगळं मी वहीत लिहून काढलं तेव्हा लक्षात आलं की यात 'प्रोत्साहन' नावाची गोष्टच नाही, सगळ्या कटकटी आहेत. पुढं डिस्टन्सनं मॅनेजमेंटचा कोर्स करणाऱ्या आमच्या क्वालिटीवाल्यानं मला हर्झबर्ग सांगितला. फ्रेडरिक हर्झबर्ग, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, १९५९ मध्ये छापलेल्या अभ्यासात त्यानं पिट्सबर्गच्या आसपासच्या २०३ इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं की कामावर तुम्हाला सगळ्यात भारी कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी वाटलं. तर वाईट वाटण्याची कारणं निघाली कंपनीचे नियम, वरचा साहेब, पगार, कामाची जागा. आणि भारी वाटण्याची कारणं वेगळीच, काहीतरी जमलं, कुणी दखल घेतली, काम स्वतःच आवडीचं, जबाबदारी मिळाली, पुढं गेलो. म्हणजे कटकटी काढल्या म्हणून माणूस खूश होत नाही, फक्त नाराज राहत नाही, खूश करायचं खातं दुसरंच आहे. मला हे पटलं, पण अर्धंच. कारण त्यानं विचारलं इंजिनिअरांना आणि अकाउंटंटांना, आमच्या ऑपरेटरच्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचं कर्ज असतं, त्याला पगार हा नुसता 'नाराज न होण्याचा' विषय नसतो. तरी क्रम बरोबर आहे, आधी कटकटी.

तर आधी पगाराची तारीख. सात तारखेच्या आत पगार द्यायचा हे कायद्यातच आहे, पण कस्टमरचं पेमेंट लांबलं की आमच्याकडं ती तारीख वाहून जायची. मालकांना सांगितलं की तुम्ही एक रुपया वाढवू नका पण सात म्हणजे सात करा. त्यांनी बँकेतली सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, थोडी वापरली, त्याचं व्याज लागलं, कुरकुर केली, पण केलं. आणि स्लिप मराठीत छापली. पीएफ किती कापला, ईएसआय किती, ओटीचे, म्हणजे ओव्हरटाइमचे तास किती, उचल किती वळती केली आणि किती राहिली. आधी ही स्लिप इंग्रजीत असायची आणि दर महिन्याला टाइम ऑफिसच्या खिडकीवर भांडणं. ओटीचा एक तास जरी चुकला तरी माणूस समजतो की कंपनीनं मुद्दाम मारला. मराठी स्लिप आल्यावर भांडणं गेली नाहीत, पण ती "हा तास कुठाय" अशी मुद्द्याची झाली, आणि मुद्द्याचं भांडण मिटतं.

मग डबा खायची जागा. तेव्हाच्या कायद्यात कँटीनची सक्ती अडीचशेच्या वर कामगार असतील तिथं आणि जेवणाच्या खोलीची दीडशेच्या वर होती, आम्ही साठ, म्हणजे आम्हाला कुणी विचारत नव्हतं. मागं भंगाराचं शेड होतं ते मोकळं केलं, फरशी घातली, बाकडी, दोन पंखे, हात धुवायला चार नळ आणि साबण. संडास दिवसातनं दोनदा धुवायला माणूस लावला. यावर जास्त लिहीत नाही, हे करायलाच हवं होतं आणि त्यासाठी कुणी आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नाही.

अरेतुरेचा विषय मात्र सोपा नव्हता. सुपरवायझर सगळे पंचवीस-तीस वयाचे, त्यांच्यावर टार्गेटचं प्रेशर, समोर वयानं दुप्पट माणूस. त्यांना एवढंच सांगितलं की रिजेक्शनवर बोलायचं तर जॉब आणि ऑपरेटर दोघांना घेऊन इन्स्पेक्शनच्या टेबलावर यायचं, तिथं गेज लावून बोलायचं, मशीनवर उभं राहून ओरडायचं नाही. एकजण म्हणाला, "सर, ओरडल्याशिवाय ऐकत नाहीत ओ." तो पुढं स्वतःच फाइव्ह स्टारला गेला. बाकीच्यांना जमलं हळूहळू.

आता ज्या गोष्टीनं खरा फरक पडला ती सांगतो, बाकी सगळं याच्यापुढं चिल्लर.

आमची निम्म्याच्या वर माणसं आजूबाजूच्या गावांतली, घरी अर्धा-एक एकर ऊस. कामावर सीएनसी चालवतो आणि घरी लावण, भांगलण, पाणी पाजणं. शेतीच्या पंपाची थ्री-फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि तेही वेळापत्रक फिरतं. कंपनीची शिफ्ट पण आठवड्याला फिरते. या दोन चक्रांची गाठ काही पडत नाही. मग काय व्हायचं, रात्रीची लाईट आणि थर्ड शिफ्ट एकाच आठवड्यात आली की माणूस खाडा करायचा, नाहीतर रात्री कामावर यायचा आणि दिवसभर उसाला पाला काढून आलेला असल्यामुळं मशीनवर डुलक्या घ्यायचा. कारण विचारलं तर पोट दुखतंय. पाणी पाजायला गेलो असं कोण सांगणार, त्याला लेट मार्कवाला साहेब काय म्हणणार, शेती कर नाहीतर नोकरी कर! कितीजणांच्या आज्ज्या आमच्या हजेरी पुस्तकात दोन-तीनदा वारल्या आहेत.

मी मालकांना म्हटलं की शिफ्ट बदलायचं यांचं यांनाच ठरवू देऊ. ते म्हणाले, कंपनी बंद पडायची. मग ठरलं की दोन महिने फक्त व्हीएमसीच्या लाईनवर करून बघू. टाइम ऑफिसच्या खिडकीत एक रजिस्टर ठेवलं. त्याच मशीनचं काम येणाऱ्या दोघांनी आपसात शिफ्ट बदलायची असेल तर आदल्या संध्याकाळी पाचच्या आत दोघांनी सह्या करायच्या. सुपरवायझरची परवानगी नको, कारण नको, अर्ज नको. अटी दोनच, प्रत्येक शिफ्टला एक सेटर पाहिजे आणि एका माणसाला लागोपाठ दोन शिफ्ट नाहीत.

पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला, एकानं सही केली आणि आलाच नाही, दुसरा त्याच्या भरवशावर घरी. मशीन रात्रभर बंद. मालक सकाळी माझ्याकडं नुसते बघत होते. मी काही नियम काढायच्या आधी लाईनवरच्या माणसांनीच डबा खाताना मीटिंग घेतली आणि ठरवलं की जो सही करून येणार नाही त्याचं नाव महिनाभर रजिस्टरात घ्यायचं नाही. आणि ते त्यांनी पाळलं, एकाची सोयरीक ठरायची होती तरी त्याला शिफ्ट बदलून दिली नाही. मी दिली असती, खरं सांगतो. कंपनीचा नियम माणूस मोडतो, पण आपणच चार जणांत बसून केलेला मोडायला जड जातं.

मग त्यातनंच पुढचं निघालं, जत्रेचं कॅलेंडर. इकडं प्रत्येक गावाची जत्रा वेगळ्या दिवशी आणि त्या दिवशी त्या गावचा माणूस कामावर येणं अशक्य, घरी पाहुणे, मटण, रस्सा, पै-पाहुणा जेवून जाईपर्यंत हलायचं नाही. आधी प्रत्येक जत्रेला दुपारी फोन यायचे, ताप आलाय. आता भिंतीवर एक मोठं महालक्ष्मी कॅलेंडर लावलंय आणि प्रत्येकानं आपल्या गावची जत्रा त्यावर पेनानं लिहायची, जोतिबाची चैत्र यात्रा आणि बेंदूर तर सगळ्यांचेच. चैत्र-वैशाखाचं पान पेनाच्या शाईनं निळं झालंय. मी प्लॅनिंग करताना ते पान शेजारी घेऊन बसतो, ज्या दिवशी चार जणांचं एकच गाव आहे त्याच्या आदल्या आठवड्यात दोन पॅलेट जास्तीचे काढून ठेवतो. आणि त्या बदल्यात दुसऱ्या गावचे लोक ती शिफ्ट काढतात, कारण त्यांना माहितीय पुढच्या महिन्यात आपली आहे. जत्रेचं आमंत्रण पण येतं, ते वेगळं. माझं वजन त्या दोन महिन्यांत वाढतं.

याला खर्च किती आला? एक रजिस्टर आणि एक कॅलेंडर. दोन महिन्यांनी सीएनसीवाल्यांनीच येऊन विचारलं की आम्हाला कधी. न सांगता होणारे खाडे इतके कमी झाले की टाइम ऑफिसच्या पोराला सकाळी फोन लावत बसायचं काम उरलं नाही.

आता सूचनापेटीचं. कन्सल्टंटनं जाताना एक पेटी लावून दिली होती, कुलूपवाली. उघडली तर त्यात गुटख्याच्या पुड्या आणि एका चिठ्ठीवर सुपरवायझरला शिवी. जपानात टोयोटानं १९५१ पासून कामगारांच्या सूचना घ्यायची पद्धत चालवली आहे आणि जगभर तिचं कौतुक होतं, पण लोक पेटीचं अनुकरण करतात, उत्तर देण्याचं करत नाहीत. आम्ही पेटी काढली आणि प्रत्येक मशीनला एक शंभरपानी वही टांगली. डाव्या पानावर ऑपरेटरनं लिहायचं, उजव्या पानावर मी किंवा मेंटेनन्सवाल्यानं आठवड्याच्या आत उत्तर लिहायचं. नाही म्हणायचं असेल तरी का नाही ते लिहायचं. सुरुवातीला लिहिलेलं बघा, "लाईट कमी आहे", "फूटस्टेप पाहिजे, उंची पुरत नाही", "कूलंटचा वास मारतोय". फूटस्टेप! माणूस साडेपाच फूट आणि फिक्श्चरची उंची अशी की दिवसभर टाचा वर करून जॉब क्लॅम्प करायचा, तीन वर्षं करत होता. वेल्डरनं दुपारी बसून पट्टीचा स्टेप करून दिला.

मालकांना वाटलं चांगल्या सूचनेला शंभर रुपये द्यावेत. मी म्हटलं नको. अमेरिकेत एडवर्ड डेसीनं १९७१ मध्ये कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला होता, कोड्याचे ठोकळे जुळवायचे, एका गटाला पैसे दिले, मग पैसे बंद केले तर मोकळ्या वेळेत ती मुलं ते ठोकळे हातात घ्यायची कमी झाली. पण मला त्या प्रयोगापेक्षा आमच्या शेजारच्या युनिटचं उदाहरण जवळचं वाटलं, तिथं सूचनेला पैसे लावले आणि ही कल्पना माझी की तुझी यावरनं दोन मित्रांचं बोलणं बंद झालं. आम्ही एवढंच केलं की सूचना अमलात आली की त्या मशीनच्या पॅनेलवर नाव आणि तारीख ऑइल पेंटनं लिहायची.

सगळ्यात भारी झालं ते मात्र माणसांना कस्टमरकडं नेल्यावर. आमचं एक हायड्रॉलिक हाउसिंग ट्रॅक्टरच्या लिफ्टमध्ये जातं. त्यात तेलाची आडवी होलं बोअरमध्ये, म्हणजे मधल्या मोठ्या गोल भोकात निघतात आणि तिथं बर, म्हणजे कापताना कडेला उरलेली धातूची बारीक धार राहते. दर महिन्याला त्यावरनं तक्रार, डेबिट नोट म्हणजे बिलातनं पैसे कापल्याचा कागद, आणि आम्ही इथं ओरडायचो की बर काढा, बर काढा. ऑपरेटर म्हणायचा, नखाला लागत पण नाही एवढीशी बर, कस्टमरची नाटकं आहेत. कस्टमरच्या क्वालिटी मॅनेजरला विनंती करून एक ट्रॅव्हलर करून आम्ही दहा-बारा जणांना घेऊन त्यांच्या असेंब्लीवर गेलो. आमच्यातल्या कित्येकांनी हजारो हाउसिंग मारली होती पण ती ट्रॅक्टरमध्ये कुठं बसतात ते एकानंही बघितलेलं नव्हतं.

लाईनवरचा फिटर एक हाउसिंग उचलायचा, बारीक फाईल होलात घालायचा, फिरवायचा, एअर मारायचा, बॅटरीनं बघायचा, मग पिस्टन बसवायचा. आमच्या ऑपरेटरनं विचारलं, हे रोजचं? तो म्हणाला, "तुमच्याकडचा माल आला की रोजचं. नाही काढली तर सीलची ओरिंग कापली जाते, मग शेतात नांगर उचलला की तेल गळतं आणि शेतकरी डीलरला शिव्या घालतो." हे ऐकणारा आमचा ऑपरेटर स्वतः तसल्याच ट्रॅक्टरनं भाड्यानं नांगरट करून घेणारा. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानं ती ओरिंग मागून घेतली, कापलेली, खिशात घातली.

परत येताना गाडीत तो सेटरशी डोकं लावत बसला. आम्ही आधी बोअर फिनिश करायचो आणि मग आडवी होलं मारायचो, त्यामुळं ड्रिल बाहेर पडताना बर फिनिश बोअरमध्ये ढकलली जायची. त्याचं म्हणणं, होलं आधी मारू, फिनिश बोअर शेवटी ठेवू, म्हणजे बोरिंग बारच ती बर कापून नेईल, आणि जी होलात आत सरकेल तिला शेवटी ब्रश घालू. सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, वाढला. मालकांनी तोंड वाकडं केलं, दिवसाला इतके जॉब कमी. मी म्हटलं डेबिट नोटांची फाईल आणू का? नको म्हणाले. बरची तक्रार त्यानंतर आली नाही असं नाही, पण आता तक्रार आली की तोच जाऊन बघतो, मला सांगावं लागत नाही. कापलेली ओरिंग त्यानं मशीनच्या दारावर चिकटवलीय, नवीन ट्रेनीला आधी ती दाखवतो.

शिकवण्याचं पण सांगायला पाहिजे, कारण तिथं सगळं गोड नाही. स्किलचा तक्ता लावला, कुणाला कुठलं मशीन येतं, त्यात पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण गोल भरायचा. हेल्परला ऑपरेटर व्हायचं असेल, ऑपरेटरला सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल तर शिफ्टनंतर एक तास मशीन मोकळं ठेवायचं, सेटरनं शिकवायचं. पोरं तुटून पडली. आयटीआय केलेल्या मुलाला बटण दाबायचा कंटाळा येतो ओ, त्याला ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापातला फरक, का दिला ते कळलं की त्याचं डोकं चालायला लागतं. मालक म्हणायचे, शिकवला की पळतोय. आणि पळाले की! गोल पूर्ण भरले त्यातले काही जण वर्षाच्या आत जास्त पगारावर गेले. पण पूर्वी सहा महिन्यांत जायचे ते आता दोन-अडीच वर्षं राहून जातात, आणि जाताना खालचा एक तयार करून जातात. एकजण तर परत आला, तिकडं पगार जास्त पण रजा मागायला दारात उभं राहावं लागतं म्हणाला.

इथं एक गोष्ट रोखठोक लिहितो, कारण हे वाचून कुठलातरी मालक खूश होईल की वा, पगार न वाढवता काम झालं. नाही झालं. दुसऱ्या वर्षी रिजेक्शन आणि डेबिट नोटांचे जे पैसे वाचले ते मी कागदावर मांडले आणि त्यातला वाटा पगारात घाला म्हणून मालकांच्या मागं लागलो. कारण माणसं हिशोबात कच्ची नसतात, आपल्या डोक्यानं कंपनीचे पैसे वाचले हे त्यांना आधी कळतं, आणि त्यातलं काहीच आपल्याकडं आलं नाही तर ती वही कोरी पडते, कॅलेंडर भिंतीवर राहतं आणि माणूस पुन्हा टपरीवर फाइव्ह स्टारच्या बसची चौकशी करायला लागतो. मालकांनी वाढ दिली, मागितली त्याच्या निम्मी, पण दिली. फाइव्ह स्टारएवढा पगार अजून नाही आमचा. ज्याच्या घरी खरंच अडचण आहे तो जातोच आणि त्यानं जावं, मी स्वतः दोघांना तिकडं चिठ्ठी दिली आहे.

सध्या अडलंय ते कंत्राटी हेल्परांचं. ठेकेदाराची माणसं, लोडिंग आणि चिप, म्हणजे धातूचा कीस, उचलायला, बरीचशी बिहार-ओडिशाकडची. त्यांचा ऊस नाही, पण बिहारवाल्यांची छटपूजा आहे, गावाकडं जायला दोन दिवसांची रेल्वे आहे. रजिस्टरात त्यांना घेतलंय दिवाळीपासून, कॅलेंडरवर पण एकानं छट लिहिली हिंदीत. स्किलच्या तक्त्यावर मात्र त्यांची नावं नाहीत कारण ठेकेदार दर काही महिन्यांनी माणसं फिरवतो, आणि शिकवलेला माणूस फिरवू नको म्हटलं की तो रेट वाढवून मागतो. त्यातला एक पोरगा रोज सुट्टी झाल्यावर सेटरच्या मागं उभा राहून बघतो, व्हर्निअर वाचायला शिकलाय आपला आपण. पुढच्या महिन्यात ठेका रिन्यू करायचाय, तेव्हा नावानिशी माणूस कायम ठेवायची अट घालायची असं माझं चाललंय, मालकांची अजून "बघू" एवढ्यावरच गाडी आहे.